घर आपलंच समजा

मावशीला बहीण नव्हती. ना सख्खी, ना चुलत. तरी तिला जितक्या लोकांनी मावशी म्हटलं असेल, तितक्यांनी दहा बहिणी असलेल्या बाईलाही म्हटलं नसेल. गाडीतून उड्या मारत उतरणारं पोर तिला मावशी म्हणायचं आणि त्याच्या मागून काठी टेकत उतरणारा त्याचा आजोबाही मावशीच म्हणायचा. सुरुवातीला तिला त्याचं हसू यायचं, मग सवय झाली. अलीकडे मात्र कुणी "मावशी" अशी हाक मारली की ती आधी तिच्या गुडघ्यांना ऐकू जायची आणि मग कानांना.

हे सगळं सुरू झालं कृषी पर्यटन योजनेच्या बाईंमुळे. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. स्कूटरवरून धूळ खात यायच्या, गुंडाळलेलं मोठं चित्र भिंतीला लावायच्या आणि चार टाळकी जमली तरी चारशे लोक बसल्यासारख्या मनापासून बोलायच्या. शेत तेच राहील, काम तेच राहील, फक्त ते बघायला शहरातले लोक येतील. त्यांना राहायला खोली द्या, जेवायला घाला, गावातला पैसा गावात राहील, पोरं गाव सोडून जाणार नाहीत. याला म्हणतात शाश्वत विकास.

"शाश्वत म्हणजे काय हो?" मावशीच्या नवऱ्याने विचारलं होतं. त्याला शंका फार.

"म्हणजे जे कधी संपत नाही ते."

त्याने शेजारी बसून शेंगा सोलणाऱ्या बायकोकडे बोट दाखवलं. "मग हिचं काम शाश्वतच आहे म्हणायचं."

सगळे हसले. बाई हसल्या, मावशीही हसली. तिला तेव्हा तो विनोदच वाटला होता.

आणि बाई बोलल्या त्यातलं खोटं काही निघालं नाही, हीच तर पंचाईत. शहरातल्या गोदामात खोकी उचलून पाठ मोडून घेणारा मुलगा बायकोला घेऊन घरी परत आला. सुताराकडे खाटांचं काम आलं, शेजारच्याचा मध फाटकातच विकला जाऊ लागला, बंद पडायला आलेल्या शाळेत पुन्हा पोरांचा गोंगाट सुरू झाला. मुलगा बुकिंग बघायचा, सूनबाई खोल्या आणि हिशेब बघायची, नवरा लोकांना शेतातून फिरवायचा आणि त्याच त्या शंका स्वतःच विचारून स्वतःच उत्तरं द्यायचा. राहिलं ते सगळं मावशी बघायची. आणि राहिलेलं काही थोडं नसतं, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

त्यामुळे वाईट म्हणावं तर तोंड नव्हतं आणि चांगलं म्हणावं तर अंगात त्राण नव्हतं.

पहिली खोली गेली ती लेकीची. "ती रिकामीच तर असते," मुलगा म्हणाला, आणि ते खरंच होतं. लेक शहरातल्या एका दवाखान्यात नर्स होती, तिथेच राहायची. खोलीला चुना लागला, खिडकीला पडदा आला, दोन नव्या खाटा आल्या आणि दारावर पाटी आली: "चिमणी". बाकीच्या खोल्या मग "मैना" आणि "खंड्या" झाल्या. लेक पुढच्या सुट्टीत आली तेव्हा चिमणीत कुणी नवं लग्न झालेलं जोडपं उतरलं होतं. ती स्वयंपाकघरात पोत्यांच्या कडेला झोपली. "बरं आहे की, तुझ्याजवळच झाले," असं आईला म्हणाली. पण ती उठली तेव्हा आई चुलीशी, ती जेवली तेव्हा आई वाढायला, आणि ती निघाली तेव्हा आई फाटकात दुसऱ्याच गाडीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मायलेकींचं बोलणं झालं ते एवढंच, की हळदीचा डबा कुठे आहे.

त्यानंतर लेक यायच्या आधी फोन करू लागली. फोन बुकिंगचाच, तो उचलायची सूनबाई. "या शनिवारी भरलंय हो ताई. पुढच्या आठवड्यात बघा ना." पुढच्या आठवड्यात लेकीची पाळी रात्रीची असायची. असं होता होता वर्ष उलटलं आणि लेकीने विचारणंच सोडून दिलं. मुलगा घरी आला तो पाहुण्यांमुळे आणि मुलगी बाहेर राहिली तीही पाहुण्यांमुळेच. यात कुणाला बोल लावावा हे मावशीला कळायचं नाही. सुनेला लावावा तर ती बिचारी बाळंतपणातून उठून पंधरवड्यात कामाला लागलेली. तिला स्वतःला हवं होतं ते फार नव्हतं. एखाद्या दुपारी लेक यावी, दोघींनी शेजारी शेजारी आडवं पडावं आणि कुणाची तरी उणीदुणी काढत डोळा लागावा, बस. गावात सगळ्या बायकांना हे फुकट मिळत होतं.

"एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," ही म्हण घरात उच्चारायची नाही अशी सूनबाईंची ताकीद होती, कारण तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याला सवलत होती. सूनबाई हुशार. फाटकात काय करायचं, काय बोलायचं, हेही तिनेच बसवून दिलं. गाडी आली की मावशीने तांब्या घेऊन उभं राहायचं, उतरेल त्याच्या हातावर पाणी घालायचं आणि म्हणायचं, "या. दमला असाल. घर आपलंच समजा." लोकांना ते इतकं आवडायचं, की पुढे योजनेच्या बाईंनी आपल्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत तेच छापलं. मावशीच्या तोंडात ते वाक्य असं बसलं, की एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही तिने घर आपलंच समजा म्हणून टाकलं. तो म्हणाला, "समजलो. पण बिल कुणाच्या नावावर काढू?"

आता ठमीचं सांगायला हवं.

ठमी ही त्यांची गाय. गायीची धार पहाटे काढायची असते. पण शहरातून आलेला माणूस सुट्टीला आलेला असतो, तो नऊला उठतो, चहा घेतो, अंघोळ करतो, आणि दहा वाजता गोठ्यात येऊन म्हणतो, मला धार काढून बघायचीय. पहिल्याच वर्षी एक पोर असं हौसेने बसलं, ओढ ओढ ओढलं आणि थेंब आला नाही म्हणून भोकाड पसरून रडलं. योजनेच्या बाई तिथेच होत्या. म्हणाल्या, "काहीतरी करा ना मावशी." मावशीने केलं. दुसऱ्या दिवशीपासून पहाटे तीन सड पिळायचे आणि चौथा राखून ठेवायचा. पाहुण्यांचा सड. दहा वाजता प्रत्येकाने दोन-दोन धारा काढायच्या, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचे. गाय बिचारी गुणाची, उभी राहायची.

ही युक्ती इतकी नामी ठरली, की बाई इतर गावांतले शेतकरी बघायला घेऊन येऊ लागल्या आणि तेही आपापल्या गोठ्यात एक सड राखू लागले. मग एक दिवस गुरांचा डॉक्टर तणतणत आला. चार गावांत गायींच्या कासा सुजल्या होत्या आणि सगळ्यांचा चौथाच सड दुखत होता. "हे कुणी शिकवलं, असं विचारत विचारत आलोय," तो म्हणाला, "आणि रस्ता तुमच्याच फाटकात येऊन संपला." शाश्वत विकास गावोगावी गेला तो ठमीच्या सडावरून गेला, असं मावशीचा नवरा नंतर म्हणायचा, पण तेव्हा तो गोठ्यामागे जाऊन उभा राहिला होता.

डॉक्टरने ठमीला हात लावून बघितलं. चौथा सड दगडासारखा घट्ट आणि गरम होता. त्याने सुई टोचली, औषध दिलं आणि मावशीला म्हणाला, "बाई, जनावराला असं राखून ठेवता येत नाही. पिळायचं तर पुरतं पिळा, नाहीतर सड जाईल."

"आजच्या आज बंद करते," मावशी म्हणाली. ती लाजेने अर्धी झाली होती. ज्या गायीने तिचं घर चालवलं, तिला तिनेच दुखवलं होतं, आणि तेही एका रडणाऱ्या पोराच्या समजुतीसाठी.

डॉक्टर गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, एवढा शनिवार-रविवार निभावून ने. मोठा ग्रुप आहे. धार काढायला मिळेल असं मी कबूल केलंय. सोमवारपासून बंद." घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, तसं त्या पुढच्याच आठवड्यात बाई आणखी दोन गावांचे शेतकरी आणणार होत्या. मावशीने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण नाही म्हणण्यालाही थोडी ताकद लागते, ती तिच्यापाशी नव्हती. "बरं," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मिनीबस आली. एका दवाखान्यातल्या बायका होत्या, हसत-खिदळत उतरल्या. मावशी पहाटेपासून उभी होती. तिने तांब्या उचलला. एवढ्या वर्षांत ती फाटकात चेहरे बघायची थांबली होती. चेहरे बघितले की लक्षात राहतात, आणि सोमवारी ते निघून जातात. तिला फक्त हात दिसायचे. गोरे, काळे, अंगठीवाले, नखं रंगवलेले. हात पुढे आला की पाणी आणि पाण्याबरोबर वाक्य.

"या. दमला असाल. घर आपलंच समजा."

"या. दमला असाल. घर आपलंच समजा."

"या. दमला असाल. घर आपलंच..."

हाताची करंगळी वाकडी होती. शाळेत असताना चारा कापायच्या यंत्रात सापडून वाकडी झालेली, आणि मग महिनाभर मावशीने स्वतःच्या हाताने घास भरवलेला. पाणी हातावरून ओसंडून पायांवर पडत राहिलं. मावशीला तांब्या सरळ करायचं सुचेना. तोंडात बसलेलं वाक्य मात्र थांबायला तयार नव्हतं, ते पुरतं बाहेर आलंच.

"...समजा."

"समजते हं, मावशी," लेक म्हणाली.

ती हसत म्हणाली. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मागे रांगेत उभ्या बायका हात पुढे करून थांबल्या होत्या. मावशीने पुढच्या हातावर पाणी घातलं. काय करणार? तांब्या हातात होता.

घरात एकच धांदल उडाली. सूनबाई धावत आली. "अहो ताई, सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर भरलंय म्हणाली असतीस, वहिनी," लेक म्हणाली. "आमच्या दवाखान्याची सहल काढली, मीच जागा सुचवली. आता भरलंय ते आमच्यामुळेच भरलंय." सूनबाईंचा चेहरा एवढासा झाला. नवरा मोठ्याने हसला, "वा गं पोरी," म्हणाला, आणि मग नेहमीप्रमाणे गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. मुलाने बॅग उचलून चिमणीत नेऊन ठेवली. खोलीच्या भाड्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, आणि न बोलल्यामुळेच ते दिवसभर सगळ्यांच्या मध्ये येत राहिलं.

पण काम काही थांबत नाही. दहाला ठमीपाशी बायका जमल्या, मावशीने चौथा सड पुढे केला, प्रत्येकीने दोन-दोन धारा काढल्या. लेकीची पाळी आली तेव्हा ती बसली, सडाला हात लावला आणि तिने धार काढलीच नाही. तिचं रोजचं काम सुजलेल्या अंगाला हात लावायचं होतं. तिने मान वर करून आईकडे बघितलं. मावशीने नजर दुसरीकडे वळवली आणि पुढचीला म्हणाली, "या, बसा."

दुपारी जेवणाच्या रांगेत लेक पाहुण्यांमध्ये बसली आणि आई वाढत तिच्यापाशी आली. "आणखी?" "नको." इतकंच. दुपारी आडवं पडायचं राहिलं, कारण बायकांना वाफे कसे करतात ते बघायचं होतं. दुरून डोंगर साजरे असतात आणि दोन दिवसांपुरतं शेतही साजरंच असतं. त्या बायका रोज दुसऱ्यांची दुखणी काढून शिणलेल्या, त्यांना ओल्या मातीत हात घालून खरंच बरं वाटत होतं, हे मावशीला दिसत होतं. म्हणून तर तिला कुणावर रागावताही येत नव्हतं.

संध्याकाळी ती धुतलेले टॉवेल घेऊन चिमणीच्या दाराशी गेली. स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या लेकीच्या दारावर तिने टकटक केलं, कारण पाहुण्यांच्या दारावर टकटक करायची सवय होती. लेकीबरोबरच्या बाईने आपली पिशवी मघाशीच शेजारच्या खोलीत हलवली होती.

"ये ना. टकटक काय करतेस?"

"टॉवेल आणलेत."

"ठेव तिथे."

मावशीने टॉवेल ठेवले आणि ती तिथेच उभी राहिली. एवढ्या दिवसांत तिने साठवून ठेवलेलं सगळं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस गेली, कुणाच्या सासूने काय केलं, ते कुठे गेलं कोण जाणे.

"रागावलीस?" तिने विचारलं.

"मी कशाला रागावू? तूच रागावली असशील, सगळ्यांसमोर तुला असं..."

"रागवायला उसंत लागते बाई."

लेक हसली. मग म्हणाली, "आई, मी पाहुणी आहे ना? पैसे भरून आलेय. पाहुण्याला हवं ते द्यायचं, असं वहिनीने शिकवलंय ना तुम्हाला?"

"तसं नको गं बोलूस."

"नाही, खरंच विचारतेय. मागू का?"

"माग. काय हवंय?"

"तू बस इथे."

मावशी खाटेच्या कडेवर बसली. बाहेर अंगणात मुलगा शेकोटी पेटवत होता, बायकांची गाणी चालली होती. ती म्हणाली, "पाच मिनिटं हं. दूध तापवायचंय." मग म्हणाली, "तुझ्या त्या मैत्रिणीचं काय झालं गं, ती नवऱ्याशी भांडून आलेली?" लेक सांगू लागली. भांडण कसं मिटलं, परत कसं पेटलं. मावशीने पाठ जरा भिंतीला टेकवली. "मग?" ती म्हणाली. लेक सांगत राहिली. "मग?" मावशीने पुन्हा विचारलं, पण आता जरा उशिराने. तिसरा "मग" आलाच नाही. लेकीने तिचे पाय उचलून खाटेवर घेतले. तळव्यांना भेगा होत्या. टॉवेल ओला करून तिने ते पुसले, तरी आईला जाग आली नाही. ठमीबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

मावशीने डोळे उघडले तेव्हा समोरच्या भिंतीवर ऊन होतं.

क्षणभर तिला कळेचना की आपण कुठे आहोत. मग पडदा दिसला, दुसरी खाट दिसली, तिच्यावर नीट घडी घातलेली चादर. ऊन! ती कोपरावर उठली. चहा, चूल, धार, नाश्ता. गोठा खिडकीच्या मागेच होता, तिथे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"मावशी! ओ मावशी! धार काढायची ना?"

तिच्या गुडघ्यांनी हाक ऐकली. तिने पाय खाटेखाली सोडले.

"धार पहाटेच काढली," खिडकीबाहेरून लेकीचा आवाज आला. "चारही सड. आता थेंबसुद्धा नाही."

"अगं, पण मी कबूल केलं होतं..." हा मुलाचा आवाज.

"हात लावून बघ, दादा. मग सांग यांना."

ठमी एकदा हंबरली. मग मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "राहू दे. गाईची कास दुखतेय. आजपासून पहाटेच काढायची. उद्या जो उठेल त्याला दिसेल." कुणीतरी कुरकुरलं. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, बिचारी." मग कुणीतरी विचारलं, "पण मावशी कुठायत? त्यांच्याबरोबर एक फोटो काढायचा होता. मावशी!"

"मावशी नाहीये," लेक म्हणाली. "माझी आई आहे, आणि ती झोपलीये."

खोलीत ऊन हळूहळू खाटेपर्यंत आलं होतं. आईने सोडलेले पाय पुन्हा वर घेतले आणि चादर ओढली. ती चांगली जागी होती, पण उठली नाही.